पिल्लांचं ताट

गावठी कोंबडीवर जे काही लिहिलं जातं त्यात एक गृहीत हमखास असतं: तिला खायला घालावं लागत नाही. दिवसभर उकिरडा उकरते, किडेमुंग्या टिपते, सांजेला आपल्या पायांनी खुराड्यात येते आणि वर अंडीही देते. सरकारी पुस्तिका याला बिनखर्ची जोडधंदा म्हणतात, शहरातली हौशी माणसं निसर्गाचं देणं म्हणतात. दोघांच्याही हिशेबातून एक रकाना सुटलेला आहे. थोराड कोंबडी आपलं पोट कसंबसं भरते हे खरंच आहे. पण अंड्यातून बाहेर पडल्यापासून दोन-अडीच महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू काय खात होतं आणि ते त्याच्यापुढे कुठून येत होतं, हा प्रश्न विचारला की बिनखर्चीपणा डळमळू लागतो. माझं म्हणणं असं, की ते खाद्य रानावनातून कमी आणि घरातून जास्त येत होतं. कोणी ते मुद्दाम घालत नव्हतं, पण कोणाच्या तरी मेहनतीतून ते रोज सांडत होतं. भात सडणं, नाचणी-ज्वारी दळणं, पाखडणं, मळणी, शेण साठवणं ही कामं ज्या अंगणात चालत, त्याच अंगणात पिल्लं वाढत. ही कामं अंगणातून उठून गेली आणि पिल्लांचं ताटही त्यांच्याबरोबर गेलं. गावठी कोंबडीच्या पीछेहाटीचा इतिहास आपल्याला जातींचा म्हणून सांगितला जातो. तो मुळात कोंड्याचा आहे.

पिल्लाची गरज आधी नीट पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस काही न खाता तग धरतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून शेकडो मैलांवर पाठवण्याचा आजचा धंदा या शिल्लक बलकावरच चालतो. त्यानंतर मात्र त्याला थोडं थोडं, पण दिवसभर खावं लागतं. कोंबडी दाणा चोचीत उचलते, पुन्हा खाली टाकते आणि तुटक, घाईच्या आवाजात पिल्लांना बोलावते. काय टिपावं आणि काय सोडावं हे पिल्लू या शिकवणीतून उचलतं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्याच्या खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं लागतात. तांदूळ आणि नाचणीत ती ७ टक्क्यांच्या आसपास, ज्वारीत १० टक्क्यांच्या आसपास, बाजरीत किंचित अधिक. म्हणजे नुसत्या दाण्यावर पिल्लू जगेल पण नीट वाढणार नाही. नुसत्या किड्यांवर वाढेल म्हणावं, तर तेवढे किडे उकरून काढायची ताकद त्या पायांत अजून आलेली नसते. त्याला दोन्ही लागतं आणि दोन्ही जवळ लागतं, कारण आईपासून दहा-वीस पावलांपलीकडे गेलेलं पिल्लू घारीचं किंवा मुंगसाचं. जुन्या अंगणात हे दोन्ही एकाच जागी मिळत होतं. शेणाच्या ढिगात अळ्या होत्या, तुसाच्या ढिगात पोचट दाण्यांबरोबर किडे होते, सांडपाण्याच्या कडेला कोवळं हिरवं होतं आणि चोचीला दात नसल्याने पेट्यात दाणा रगडायला लागणारे बारीक खडे पायाखालीच होते. वारुळाचा किंवा वाळवी लागलेल्या लाकडाचा तुकडा आणून पिल्लांपुढे फोडण्याची रीतही आपल्याकडे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या काही भागांत तर शेण आणि काडीकचरा भरलेली मडकी जमिनीवर पालथी घालून वाळवी पकडतात आणि ती पिल्लांना चारतात. ज्याला आपण आपोआप म्हणतो त्यात माणसाचा हात किती असतो, हे या मडक्यांवरून कळतं.

कोंबडी आणि सांडलेलं धान्य यांचं नातं कोंबडी माणसाळली त्या काळाइतकंच जुनं असावं, असं अलीकडचं संशोधन सांगतं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो माणसाळला कुठे आणि केव्हा, यावर बराच काळ वाद होता. चीनमध्ये ८ हजार वर्षांपूर्वी, सिंधू खोऱ्यात ४ हजार वर्षांपूर्वी, असे दावे होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीत जगभरच्या उत्खननांतली हाडं पुन्हा पाहिली गेली, आणि खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नोन वाट या ठिकाणची, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या दरम्यानची ठरली. त्या संशोधकांनी सुचवलेलं कारण आपल्या विषयाशी थेट भिडतं. डोंगरउतारावर भात आणि बारीक तृणधान्यं पिकू लागली, धान्य एका जागी साठू आणि सांडू लागलं, आणि रानातला पक्षी त्या सांडलेल्या धान्याकडे आला. माणसाने कोंबडीला पकडून आणलं असं चित्र आपण रंगवतो. खरं तर तीच कोठाराच्या दारात येऊन बसली असावी. या कथेत सह्याद्रीचाही एक वाटा आहे. पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी तांबड्या रानकोंबड्याकडून आलेली नाही. ती द्वीपकल्पातल्या, सह्याद्रीच्या जंगलांत आजही आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याशी झालेल्या संकरातून आली, हे २००८ मधल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. त्या जनुकाचं काम इतकंच, की खाल्लेल्या हिरव्या पाल्यातली आणि दाण्यातली पिवळी द्रव्यं मोडून न टाकता कातडीत साठू द्यायची. म्हणजे कोंबडीने काय खाल्लं ते तिच्या पायांवर वाचता यावं, अशी सोय राखी रानकोंबड्याने करून ठेवली.

जुन्या ग्रंथांत कोंबडीच्या खाण्याबद्दल कोणी प्रेमाने लिहिलेलं नाही, पण निरीक्षण चोख आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावातलं डुक्कर आणि गावातला कोंबडा द्विजांना अभक्ष्य ठरवले आहेत. मेधातिथीने आपल्या टीकेत यावरून असा अर्थ लावला, की रानातला कोंबडा या निषेधात येत नाही. पक्षी जवळजवळ एकच. फरक फक्त तो कुणाच्या दारात चरतो याचा. निषेध करणाऱ्यांना उकिरड्याची किळस होती. पण गावातला कोंबडा माणसाच्या घरातून पडलेल्यावर जगतो, हे त्यांनी आजच्या पुस्तिकांपेक्षा अचूक ओळखलं होतं. याच किळशीमुळे कोंबडीपालन कुळवाडी, कोळी, भंडारी, महार, आदिवासी यांच्या अंगणात राहिलं आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या अंगणात गेलं नाही. तिच्या चाऱ्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही, यामागे हेही कारण असावं. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीच्या आज्ञांमध्ये, कोंबड्यांना खच्ची करू नये अशी आज्ञा आहे आणि तिच्या लगेच पुढची आज्ञा ज्यात जीव आहेत असं तूस जाळू नये ही आहे. दोन आज्ञा शेजारी आल्या म्हणून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही, आणि अशोकाच्या मनात कोंबड्यांचं पोट होतं असं म्हणणं तर हास्यास्पद ठरेल. पण तुसाचा ढीग म्हणजे नुसता कचरा नसून त्यात जिवंत वस्ती असते, ही जाणीव त्या काळच्या राजाज्ञेत उतरण्याइतकी सर्वपरिचित होती, एवढं त्यातून निश्चित निघतं. आणि कोंबडा खच्ची करतात तो त्याच्या अंगावर मांस धरावं म्हणून. ते अर्थातच भरपूर दाणा घातल्याशिवाय होत नाही. म्हणजे मुद्दाम चारून पुष्ट केलेला पक्षी आणि तुसावर जगणारा पक्षी असे दोन्ही त्या काळी असणार.

आता महाराष्ट्रातलं अंगण. कोकणात भात झोडून, उफणून कणगीत गेलं तरी ते खाण्याजोगं व्हायला दोन कामं उरत. आधी घिरटीवर भरडून वरचं तूस सुटं करायचं, मग उखळात किंवा जमिनीत पुरलेल्या व्हायनात मुसळाने सडायचं. प्रत्येक टप्प्यावर सूप हातात. पाखडताना तूस पुढे उडतं, घोळताना कोंडा आणि कणी वेगळी पडते. हे काम वर्षातून एकदा करायचं नव्हतं. सडलेला तांदूळ लवकर किडतो, म्हणून घरात लागेल तेवढंच भात काढून दोन-चार दिवसांनी सडायचं, मोठ्या घरात रोजच. सूप हाती धरलेल्या बाईच्या पायाशी कोंबडी आणि तिची पिल्लं ठरलेल्या वेळी हजर असत. किती मिळत असेल त्यांना? साधा हिशेब मांडता येतो. दिवसाला दोन किलो तांदूळ लागणाऱ्या घराला तीन किलो भात काढावं लागतं. त्यात तूस वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं, आणि कोंडा साधारण ८ टक्के. हातसडीत निम्मा कोंडा तांदळावरच राहतो असं धरलं, तरी रोजचा शे-सव्वाशे ग्रॅम कोंडा सुटतो. सहा आठवड्यांत तो पाच किलोच्या घरात जातो. शिवाय सुपातून निसटलेली बारीक कणी आणि मुसळाखालून उडालेले दाणे निराळे. एका कोंबडीमागच्या सात-आठ गावठी पिल्लांना त्या वयात जे काही लागतं, त्याचा मोठा हिस्सा यातून भागतो. तांदळाच्या कोंड्यात प्रथिनं १२ ते १४ टक्के, म्हणजे तांदळाच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेलही भरपूर. वरची कमी उकिरड्यातल्या अळ्यांनी भरून काढायची. घाटावर चित्र निराळं, पण हिशेबाचा साचा तोच. ज्वारी-बाजरीला सडायचं काम कमी, पण खळं आठवडेच्या आठवडे चाले. बैल तिवड्याभोवती फिरत, कणसं तुडवली जात, वारा पडला की उफणणी थांबे. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगांत दाणे जात आणि भुसकटाचा ढीग पुढच्या पावसापर्यंत पडून राही.

हा हिशेब अनुमानाचा आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रत्यक्ष मोजणीही उपलब्ध आहे, आणि ती कोकणासारख्याच, भात आणि नारळ पिकवणाऱ्या मुलखातली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतल्या खेड्यांत गुणरत्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या गळ्यातल्या थैलीत काय साठलं आहे ते तपासलं. सुमारे ७२ टक्के भाग घरातून बाहेर टाकलेल्या उरल्यासुरल्याचा निघाला, १३ टक्के गवताचे कोंब, ८ टक्के किडेमकोडे आणि ७ टक्के भात. जिला आपण किडे खाऊन जगणारी म्हणतो तिच्या पोटात किडे बारावा हिस्साही नव्हते. (तो हिस्सा लहान असला तरी पिल्लांच्या दृष्टीने कळीचा आहे, हे वर आलंच आहे.) याच संशोधनातून एक मोठी कल्पना पुढे आली: परसातल्या कळपाचा आकार कोंबड्यांच्या जातीवर किंवा मालकाच्या इच्छेवर ठरत नाही, त्या घराच्या आणि शेजारच्या जमिनीच्या आसपास रोज किती खाद्य पडतं, यावर तो ठरतो. खाद्य दहा पक्ष्यांचं असेल आणि पक्षी वीस झाले, तर वरचे दहा कुठल्या ना कुठल्या मार्गाने कमी होतात. सगळ्यात आधी पिल्लं, कारण सांडलेल्या दाण्यावरच्या झटापटीत थोराड कोंबडीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

इथे एक अवघड आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. कणी-कोंडा हे कोंबडीचं खाद्य होतं असं म्हणताना आपण गृहीत धरतो, की माणसांना त्याची गरज नव्हती. वस्तुस्थिती तशी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या धान्याची वाटणी सांगताना कण्या दास, मजूर आणि आचारी यांच्यासाठी राखल्या आहेत. महाराष्ट्रात ताक-कण्या हे गरिबाघरचं नेहमीचं जेवण. दुष्काळात कोंडाही माणसांनी खाल्ला. मग जी घरं कोंबड्या पाळत तीच घरं कण्या खात असतील, तर कोंबडीच्या वाट्याला काय उरत होतं? उत्तर असं, की माणसाची चाळणी जिथे संपते तिथून कोंबडीचं ताट सुरू होत होतं. भांड्यात शिजण्याजोगी कणी माणसाची. मातीत मिसळलेली, सुपाच्या पुढे उडालेली, तुसात अडकलेली कणी कोंबडीची. ती मातीतून वेचणं माणसाला परवडत नाही, पिल्लाला परवडतं. गावठी कोंबडी जिथे तिथे का होती आणि कुठेच मोठ्या संख्येने का नव्हती, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या सीमारेषेत आहे. घर गरीब होत गेलं की सीमारेषा खाली सरके आणि कळप आटे. सुगीत ती वर सरके. डाक बंगल्यावर उतरलेल्या साहेबाला मिळणारी कोंबडी या सीमारेषेवरच वाढलेली. पाहुणा दारात दिसला की अंगणातली कोंबडी पकडून तासाभरात ताटात येई, आणि या पदार्थाला अँग्लो-इंडियन बोलीत ‘सडन डेथ’ म्हणत, अशी नोंद १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आहे. तिच्या अंगावर चरबी नसे, याचं नवल वाटायला नको.

भातगिरणीमुळे कोंबडीचं काय होतं, याचा सर्वांत नाट्यमय पुरावा जावा बेटावरचा आहे, आणि तो वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १८९० च्या सुमारास बटाविया म्हणजे आजच्या जकार्तात डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत निघालं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला शिजवलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि कोंबड्या पुन्हा कोंडा असलेल्या तांदळावर येऊन बऱ्या झाल्या. आइकमान यांनी याचा अर्थ आधी वेगळा लावला. कोंड्यात शरीराला आवश्यक असं काही असतं, हे त्यांचे सहकारी गेरित ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये मांडलं. त्या धाग्यातून पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ मध्ये आइकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. माणसांच्या आहारशास्त्राने यातून मोठा धडा घेतला. कोंबडीच्या बाजूने वाचलं तर ही गोष्ट इतकीच आहे, की गिरणीने ताटातून काय काढून घेतलं ते सर्वांत आधी कोंबडीच्या पायांना कळलं.

आपल्याकडे हा बदल सावकाश झाला. एंगेलबर्ग पद्धतीची हलर गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, पण कोकणातल्या आडगावी डिझेल आणि मग वीज पोचेपर्यंत विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९३४ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली आणि हातसडीच्या तांदळाचा जोरदार पुरस्कार झाला. पुढे १९५८ मध्ये भातगिरण्यांवर परवान्यांचं बंधन घालणारा केंद्रीय कायदाही आला. हा वाद माणसाच्या पोषणाचा आणि खेड्यातल्या रोजगाराचा होता. कोंबडीसाठी मात्र मुद्दा गिरणीतून काय बाहेर पडतं हा होता. हलर गिरणीत तूस, कोंडा आणि कणी एकत्र दळून निघतात. त्या मिश्रणात रेताड तुसाचा भरणा इतका, की पिल्लाच्या पोटात ते गेलं तरी अंगाला फारसं लागत नाही. रबरी रोलरच्या गिरण्या आल्या आणि कोंडा स्वच्छ वेगळा पडू लागला, पण आता त्याला तेल काढण्यासाठी आणि पशुखाद्यासाठी गिऱ्हाईक मिळालं. तो घरी परतण्याचं कारण उरलं नाही. परतला तरी अडचण आहेच. कोंडा सुटला की त्यातलं तेल काही दिवसांतच खवट होऊ लागतं. दर दोन दिवसांनी सुपातून पडणारा ताजा कोंडा आणि सहा महिन्यांचं भात एकदाच दळून आणल्यावर मिळालेलं पोतंभर खवट पीठ, ही वजनाने सारखी असतील, पिल्लांच्या लेखी नव्हेत. त्यांना हवा असतो रोजचा थोडा थोडा पुरवठा. शेवटचा घाव रेशनच्या तांदळाने घातला. तो घरात येतो तोच पांढरा होऊन. त्यातून सांडायला काही उरलेलंच नसतं. घाटावर मळणीयंत्राने महिन्याचं काम एका दिवसावर आणलं, खळी मोडली, अंगणं सिमेंटची झाली. बैल गेले तसे गोठे आणि शेणाचे ढीग आक्रसले, आणि त्यांच्यातल्या अळ्याही.

यावर जाणकार दोन गोष्टी पुढे करतील. पहिली रोगाची. राणीखेत, म्हणजे गावाकडे जिला मानमोडी म्हणतात ती साथ आली की खुराडं एका आठवड्यात ओस पडतं. तिच्यापुढे कोंड्याचं काय घेऊन बसलात? हा रोग जगात १९२६ मध्ये आणि आपल्याकडे लगेच पुढच्या वर्षी, कुमाऊंमधल्या राणीखेतला ओळखला गेला. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावर परिणामकारक लस तयार झाली. या रोगाने गावठी कोंबड्यांची अपार हानी केली, यात वाद नाही. पण साथ हे कळप रिकामा होण्याचं कारण आहे, तो पुन्हा न भरण्याचं नाही. मानमोडी मळणीच्या दिवसांतही होती. तेव्हा वाचलेल्या एका खुडूक कोंबडीखाली शेजारणीकडची दहा-बारा अंडी ठेवली की एकवीस दिवसांनी नवी सुरुवात होई, आणि त्या पिल्लांना वाढायला अंगण तयार असे. लस हाती आल्यावर कळप वाढायला हवे होते. जिथे खाद्य वाढलं नाही तिथे लसीने वाचवलेलं पिल्लू अर्धपोटी राहून दूरवर चरायला जातं आणि घारीच्या तावडीत सापडतं. दुसरी गोष्ट जातीची. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, व्हाइट लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. मग मागे पडली ती जातीमुळेच, असं म्हणणं सोपं आहे. याच समजुतीतून खेड्यांत परदेशी जातींचे नर वाटण्याच्या योजना निघाल्या. पण लेगहॉर्नची तीनशे अंडी मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर उभी आहेत. कुक्कुटपालनाच्या खर्चातला दोन-तृतीयांशाहून अधिक भाग खाद्याचाच असतो. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केल्यानंतर पुण्याच्या परिसरात जो मोठा व्यवसाय उभा राहिला, त्याचा पाया पिल्लांइतकाच खाद्याच्या पुरवठ्यावर होता. जातीचा मुद्दा खऱ्या अर्थाने निकालात काढला तो परसासाठी म्हणून घडवलेल्या जातींनीच. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचे वनराज आणि ग्रामप्रिया हे पक्षी मोकळे सोडण्यासाठीच तयार केले गेले. त्यांच्यासोबतच्या सूचना पाहा: पहिले चार ते सहा आठवडे पिल्लं बंदिस्त जागेत, दिव्याच्या उबेत, विकतच्या समतोल खाद्यावर वाढवायची आणि मगच अंगणात सोडायची. आज अंगण पिल्लाला पोसू शकत नाही, हे या सूचनेने मान्य केलं आहे.

मग आकडे उलटं का सांगतात, असंही विचारता येईल. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख भरले, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक. व्यावसायिक पक्ष्यांची वाढ जेमतेम साडेचार टक्के. अंगण रिकामं झालं म्हणता आणि परसातली कोंबडी तर दुडक्या चालीने पुढे चालली आहे! पण गणना पक्षी कुठे राहतो ते नोंदते, तो काय खातो ते नाही. विकतच्या खाद्यावर पिल्लूपण काढून आलेला वनराज आणि कोंड्यावर वाढलेलं गावठी पिल्लू तिच्या लेखी एकाच परसात उभे राहतात. परसातली संख्या वाढली, याचा आनंदच आहे. तिला बिनखर्ची म्हणणं मात्र आता थांबवायला हवं, कारण जो खर्च पूर्वी श्रमाच्या रूपाने होत होता तो आता रोख पैशाने होतो आहे. आणि तो श्रम कोणाचा होता, हेही स्पष्ट म्हणायला हवं. पहाटे उठून मुसळ उचलणाऱ्या बाईला गिरणी आल्याने जो विसावा मिळाला, त्याच्या तुलनेत कोंबडीचं नुकसान काहीच नव्हे. हातसडी परत आणा, असा या लेखाचा सूर घेतला तर तो मला मान्य होणार नाही. फक्त एवढंच, की कोंबड्या आणि अंड्यांचे पैसे घरोघरी बायकांच्याच हाती असत, आणि त्या पैशामागे मुसळाची मेहनत होती. गिरणीने मेहनत नेली आणि तिच्याबरोबर ही छोटी कमाईही नकळत नेली. भरपाई म्हणून आज महिला बचत गटांना पिल्लं वाटायची असतील, तर पिल्लांइतकंच त्यांच्या पहिल्या दोन महिन्यांच्या दाण्याचं अंदाजपत्रक मांडावं लागेल.

बाजार दरम्यान आपल्या वाटेने गेला आहे. शहरात गावठी म्हणून जास्त भावाने विकलं जाणारं अंडं पुष्कळदा सुधारित संकराचं आणि पिशवीतल्या खाद्याचं असतं. गिऱ्हाईक बलकाचा गडद रंग पाहून पैसे मोजतं. तो रंग हिरव्या पाल्यातल्या आणि मक्यातल्या पिवळ्या द्रव्यांचा, आणि आता झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळून तो हवा तितका गडद करता येतो. खरोखर परसात हिंडलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक मात्र वैशाखात, कुंपणाकडेला हिरवं काही उरलेलं नसताना, फिकाच निघतो.